हुकलेला नर

प्रिय रेनो,

तुझं पत्र मिळालं. अक्षर बघून आयली म्हणाली, "माझ्या भावानं कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडली होती की काय?" एक ओळ वर चढतेय, दुसरी खाली घसरतेय, आणि तिसरीचा शेवट बहुधा तुझ्या टेबलावरच राहिला असेल, कारण मला तो सापडला नाही. शाळेत तरी तू कुठं बरं लिहायचास म्हणा! पण मजकूर कळला. शिकारीच्या मोसमाआधी रायफलीवर नेम धरायचा नवा स्कोप बसवायचाय, दिवेलागणीला स्वच्छ दिसेल असा. उभा जन्म बंदुकांच्या काउंटरमागे घालवलेल्या मेव्हण्याला नाही विचारायचं तर कुणाला, असं लिहिलंयस. आणि खाली एक वाक्य वेगळं काढून, खाली रेघ मारून, की गेल्या वर्षी स्कोप चांगला असता तर तो हरणाचा नर हुकला नसता. ते वाक्य वाचून मी पत्र ठेवलं आणि बाहेर जाऊन लाकडं रचत बसलो. आयलीनं जेवायला हाक मारली तरी आत गेलो नाही.

मी मुद्दाम जाड काळ्या पेनानं, एवढाल्या अक्षरांत लिहितोय. सोबत एक भिंग ठेवलंय. दुकानात काडतुसांच्या बुडावरचे बारीक आकडे वाचायला काउंटरखाली असायचं ते. दुकान विकलं तेव्हा मी तेवढंच घरी आणलं होतं. दिवसाउजेडी खिडकीशी बस, भिंग धर आणि सावकाश वाच. हायडीला वाचून दाखवायला लावू नकोस, लेक असली तरी नको. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला ओरडायला लागतोस आणि तिसऱ्याला आदळून ठेवतोस. आणि खरं सांगू का, माझ्यानंही तोंडानं हे बोलवणार नाही. हे पत्र स्कोपचं आहे, पण तू या वर्षी बंदूक घेऊन जंगलात जावंस की नाही, याचंही आहे. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मधेच भिरकावून देशील.

तर स्कोप. गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आर्नी, सगळ्यात लांबचं दाखवणारा काढ." मी म्हणायचो, अरे बाबा, आपल्या दलदलीत सीडरची झाडं अशी दाटलीयत की चार ढांगांवर स्वतःची बायको दिसत नाही, तुला लांबचं काय करायचंय? संध्याकाळच्या शिकारीला लांबचं नको, अंधारातलं दिसायला हवं, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या उरावर बसलेल्या आहेत. जितकं मोठं करून बघशील तितका उजेड कमी. स्कोप हातभर लांब धर आणि पांढऱ्या भिंतीकडे बघ. मागच्या काचेत उजेडाचा एक गोल दिसतो. नऊपटीवर ठेवलास तर तो मिरीएवढा असतो, पाचपटीवर आणलास तर वाटाण्याएवढा होतो. भर दिवसा मिरी पुरते, दिवेलागणीला वाटाणा लागतो. म्हणून ऊन उतरलं की फिरकी फिरवून खाली आणायची, हे मी तुला ओरडून ओरडून सांगितलंय, आणि तुझी फिरकी कायम नऊवर. "नऊचे पैसे दिलेत, नऊनंच बघणार!" हे तुझं उत्तर.

बाकीचंही ऐकून घे. काचेतली नेमाची मधली फुली केसासारखी बारीक घेऊ नकोस. दुकानाच्या दिव्याखाली ती झकास दिसते आणि खऱ्या वेळेला झाडोऱ्यात विरून जाते. बाहेरून जाड, मधे बारीक अशी घे. मधे पेटणारा लाल ठिपका असेल तर तो अगदी मंद ठेव, नाहीतर त्याचीच झळाळी डोळ्यात जाते आणि मागचं काळं पडतं. जाड नळीत उजेड जास्त येतो असं कुणी दुकानदार म्हणाला तर त्याला रामराम कर आणि बाहेर पड. पुढची काच रुंद हवी, पण फार मोठी घेतलीस तर स्कोप उंच बसतो, गाल बंदुकीच्या लाकडाला टेकत नाही, आणि तू मान लांब करून जागा शोधतोयस तोवर हरीण शेजारच्या तालुक्यात पोचलेलं असतं. काचेवरचा मुलामा चांगला हवा. तिथं काटकसर करू नये. झालं, हे एवढंच आहे. हेच मी सगळ्यांना सांगायचो, आणि निम्मे लोक चकचकीत खोका बघून दुसराच घेऊन जायचे.

पण यात एक गोम आहे, ती मी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना हळूच सांगायचो. काचेनं वाटाणाभर उजेड दिला तरी तो डोळ्यानं आत घ्यायला हवा. तरण्या पोराची बाहुली अंधारात भसाभस उघडते. आपल्या वयाला ती उघडायचा कंटाळा करते. वाटाणा दाराशी येऊन थांबतो आणि आत जाते ती मिरीच. म्हणून ती भली मोठी जर्मन काच मी कुठल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात मारली नाही. तुलाही मारणार नाही. आणि तुझं तर बाहुलीवर भागत नाही, रेनो. उन्हाळ्यात डॉक्टरनं काय सांगितलं ते हायडीनं आयलीला सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस, रडत सांगत होती बिचारी. पडद्यावर बरोब्बर मधोमध डाग, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. तू तिला म्हणालास म्हणे, "काल मिसरूड फुटलेला डॉक्टर, त्याला काय कळतंय!" अरे, स्कोपमधून जे बघायचं असतं ते मधेच असतं रे. डाग पडला तोही नेमका फुलीच्या जागी, त्याला कुठली काच काय करणार?

आणि मला डॉक्टरची गरजही नव्हती. ईस्टरला आमच्याकडे आलास तेव्हा खुंटीवर टांगलेल्या आयलीच्या कोटाला "काय गं, बारीक झालीस?" म्हणालास. सगळे हसले. तूही हसलास, मुद्दाम थट्टा केल्यासारखं. जेवताना ताटातला मासा काट्यानं चाचपून शोधत होतास. पत्त्यांत बदामचा गुलाम म्हणून चौकटचा टाकलास आणि माझ्यावरच खेकसलास की पत्ते जुने झालेत. मी नवा जोड काढला, तर त्यातही तेच. आयली माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीबाहेर.

इकडची खबर सांगायची तर फार काही बरी नाही. बर्फ लवकर आलं. तळ्यावरून वारा सुटला की तीन तीन दिवस थांबत नाही. सौनाची, आपल्या वाफेच्या न्हाणीची, चिमणी कोसळली, ती मला एका हातानं उभारता येत नाही, म्हणून या वर्षी सौना बंद. आयली वेलदोड्याचा पाव भाजते, तुझ्यासाठी एक बाजूला ठेवते आणि चार दिवसांनी तोच मला खायला घालते. आपला क्लाइड लेकीकडे ॲरिझोनात गेला तो कायमचाच. गुडघे गेले त्याचे. परवा फोन केला होता. म्हणे, "आर्नी, इथं झाडंच नाहीत रे, नुसतं ऊन." आणि एवढा बोलका पोस्टमन, फोनवर नुसता नाक ओढत राहिला. म्हणजे जंगलातल्या आपल्या शिकारीच्या कॅम्पावर उरलो आपण दोघं, आणि मी तुला कळवलंय की खांदा धरलाय, मी येणार नाही. त्यावर तू लिहिलंयस, "बायकोच्या पदराखाली बस तू. हायडी येतेय माझ्याबरोबर." हायडीचाही फोन आला होता. "काका, बाबांना एकटं सोडवत नाही हो. सकाळी मचाणावर मी सोडीन आणि संध्याकाळी मीच जाऊन घेऊन येईन, तुम्ही अजिबात काळजी करू नका." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

गेल्या वर्षीचा मोसम आठव. तुझी बायको, आपली सिल्व्हिया, गेल्यानंतरचा पहिलाच. तू कॅम्पावर आलास खरा, पण माणूस कुठला, नुसता कोट चालत आलेला. क्लाइडनं त्याचे सगळे वाह्यात विनोद काढून पाहिले, तू हूं की चूं केलं नाहीस. तिनं शिवलेला तो लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरीचा शर्ट अंगात, दिवसा तोच, झोपताना तोच. मी तुला म्हटलं, धुवायला तरी काढ, तर म्हणालास, धुतला की तिचा वास जाईल. आणि रोज अंधार पडेपर्यंत मचाणावर बसायचास. सूर्य मावळून शिकारीची कायद्याची वेळ संपली, आम्ही दोघं परत येऊन बटाटे उकडायला टाकले, तरी तुझा पत्ता नाही. क्लाइड म्हणायचा, "बसू दे त्याला. घरी तरी कोण वाट बघतंय?"

मग ती संध्याकाळ. तुला ती नीटच आठवत असेल, कारण वर्षभर तू ती गावभर सांगितलीयस. तरी माझ्या बाजूनं ऐक. मी कॅम्पाच्या दारातून आत आलो तेव्हा तुझी गोष्ट ऐन रंगात आली होती. गाल लाल, टोपी मागे सरकलेली. तू चक्क हसत होतास! सिल्व्हियाला पुरल्यापासून मी तुझे दात पाहिले नव्हते. तू क्लाइडला सांगत होतास, "दलदलीच्या कडेनं आला, दबकत दबकत. थांबला. सरळ माझ्याकडे बघायला लागला. आणि मग मान वर केली, आणि अरे क्लाइड, शिंगं! शिंगं ही अशी!" असं म्हणून तू दोन्ही हात डोक्यावर नेलेस, बोटं पसरून. क्लाइड म्हणाला, "हरीण होतं का झाड होतं रे ते?" तू म्हणालास, "झाड धाडकन खाली पडतं होय? पडला की तो! मग मात्र दिसेना." आणि कंदील उचललास. शिकाऱ्याची जातच तुझी, गोळी सुटली की रक्ताचा माग काढल्याशिवाय जेवायचं नाही, जखमी जनावर रात्रभर तडफडत ठेवायचं नाही, हे तुझ्या बापानंच आपल्याला शिकवलेलं.

मी तुझ्या हातातून कंदील घेतला. म्हटलं, "मी तिकडूनच आलो. तुझी गोळी ऐकली म्हणून जागा बघून आलो. रक्त नाही, केस नाही. साफ हुकलास." तुझं तोंड उतरलं. पण क्लाइडनं लगेच आरोळी ठोकली, "शर्ट! शर्ट!" आणि रिवाज तो रिवाज. ज्याचा नेम हुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव लिहायचं आणि चुलीवरच्या भिंतीला खिळ्यानं ठोकायचं. तुझ्या बापाचं टोक तिथं आहे, माझी तर पाच-सहा असतील. कात्री नेहमी माझ्याकडे. मला वाटलं, हा शर्ट तू कापू देणार नाहीस. पण तू पाठ केलीस आणि म्हणालास, "काप. ती असती तर तिनंच कात्री आणून दिली असती." मी डावा हात कोटाच्या खिशातच ठेवून एका हातानं कापलं. वाकडं गेलं. तू ओरडलास, "अरे नीट काप की, तिनं शिवलाय!" आणि पुन्हा हसलास. क्लाइडनं मला विचारलं, कोट का काढत नाहीस. मी म्हटलं कणकण आहे, आणि न जेवता जाऊन पडलो. त्या रात्री ढीगभर बर्फ पडलं आणि सकाळी सगळीकडे पांढरंफेक.

रेनो, तुला वर्षभरात एकदाही प्रश्न पडला नाही का, की मी त्या वेळी तिकडून कसा आलो?

आपलं एकच भांडण कधी मिटलं नाही, ते गळ्यातल्या दुर्बिणीवरून. तुझा बाप कॅम्पावर सगळ्यांना बजावायचा की बंदूक उचलायची ती मारायला, बघायला नाही. बघायला दुर्बीण. हलणारी वस्तू काय आहे ते आधी दुर्बिणीनं नक्की करायचं, मग स्कोपला डोळा लावायचा. आणि तू त्याचाच मुलगा, दुर्बिणीला लोढणं म्हणायचास. "स्कोप आहे ना बंदुकीवर, दोन दोन काचा कशाला वागवायच्या?" काही हललं की तू बंदूकच रोखायचास, आधी रोखायची आणि मग बघायचं की काय आहे. मी किती वेळा म्हटलं असेल, अरे, बघायचं म्हणून तू भरलेली नळी माणसावर धरतोस एखाद दिवशी! तू म्हणायचास, "माणूस दिसला तर चाप ओढीन का मी? आंधळा आहे का?" तेव्हा नव्हतास. तेव्हा तू आमच्या सगळ्यांत चांगलं बघायचास, हेही खरं.

त्या संध्याकाळी वेळ संपली तरी तू आला नाहीस म्हणून मी तुला आणायला निघालो. तुला तिथं एकटं, अंधारात, तो शर्ट घालून बसलेला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं मला. बाकी काही नाही. वाटलं, आज हाताला धरून आणू, आणायला कुणी आलं की माणसाला बरं वाटतं. हरणांच्या वाटेनं दलदलीच्या कडेनं आलो. थांबलो. तू मचाणावर आहेस का बघायला दुर्बीण डोळ्याला लावली. माझी काच चांगली आहे, त्या उजेडातही मला तू दिसलास. म्हणजे तू नाही, तुझ्या स्कोपचा काळा गोल दिसला, थेट माझ्याकडे बघत असलेला. मला वाटलं, वेळ संपलीय, यानं बंदूक रिकामी केली असणार, आणि सवयीप्रमाणे स्कोपमधून बघतोय मेला. मला बघतोय म्हणजे ओळखलंय. म्हणून मी हात केला. आपण पोरवयापासून लांबून करतो तसाच. दोन्ही हात डोक्यावर, बोटं पसरून.

आवाज नंतर आला. आधी दंडावर कुणीतरी कुऱ्हाडीचा दांडा हाणल्यासारखं झालं आणि मी बसलो. मग तू खटकन दुसरी गोळी भरलीस, ते मला स्पष्ट ऐकू आलं. मी बर्फात तोंड खुपसून पालथा पडलो. "आर्नी आहे रे" एवढं ओरडायचं होतं फक्त. पण तोंडच उघडेना. मला वाटलं, आवाज आला तर त्याच्यावरही मारशील. तू मला मारशील अशी भीती मला वाटली, रेनो. तुझी! मचाणावरून उतरून तू कॅम्पाकडे कंदील आणायला गेलास, तुझी पावलं लांब गेली, तेव्हा कुठं मी उठलो. रुमाल दातानं बांधला. लाल झालेलं बर्फ बुटानं झाकलं. का झाकलं ते मला तेव्हाही कळलं नाही. कोटावर नारिंगी जाकीट होतं म्हणशील, लांबून माणूस ओळखू यावा म्हणून घालतात ते. दुकानात मीच सांगायचो की दिवेलागणीला आधी मरतो तो तोच रंग. नारिंगी तपकिरी होतो, तपकिरी काळा होतो. तुझ्या डोळ्यातल्या डागावर एक तपकिरी काहीतरी उभं होतं आणि त्यानं शिंगं वर केली. आणि मी दारातून आत आलो, तर तू क्लाइडसमोर हात वर करून उभा होतास. ते माझे हात होते, रेनो.

तो नर मी होतो.

त्या रात्री बोललो नाही, कारण तू हसत होतास. दुसरं कारण शोधून शोधून मला सापडलेलं नाही. सिल्व्हिया गेल्यावर तुला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं, आणि तो नर हुकल्याचं तुला वाटलं. पुढच्या वर्षी त्याला गाठतोच म्हणालास. पुढचं वर्ष हा शब्द तुझ्या तोंडी आला! तो मी कसा काढून घेणार होतो? मग एक एक दिवस गेला. घरी आल्यावर आयलीला सांगितलं की फांदी लागली. तिनं कोटाची बाही उलटी केली, पुढचं भोक पाहिलं, मागचं पाहिलं. म्हणाली, "मी शिकाऱ्याची मुलगी, शिकाऱ्याची बहीण आणि शिकाऱ्याची बायको आहे. फांदी एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघत नाही." तिनं जखम धुतली, बांधली, आणि कोण ते विचारलं नाही. कोट अजून स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलाय. मी शीव म्हटलं तर शिवत नाही. हात डोक्याच्या वर जात नाही माझा. खांदा धरलाय तो त्यामुळं. परवा तुझं पत्र वाचून आयली एवढंच म्हणाली, "आता तू सांगतोस की मी सांगू?" तिचा तू एकुलता एक भाऊ. तिचा आवाज कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही.

तुझं रेघ मारलेलं वाक्य बरोबर आहे. चांगला स्कोप असता तर तो नर हुकला नसता. एवढी वर्षं मी लोकांना काचा विकल्या, आणि मी जिवंत आहे तो तुझी काच धुरकट होती म्हणून. तेव्हा स्कोप घेऊ नकोस. मी सांगितलेला नको, दुसऱ्या कुणी सांगितलेलाही नको. शनिवारी सकाळी मी आणि आयली येतोय. रायफल मी घेऊन जाणार, आणि तू ती माझ्या हातात देणार आहेस. तोवर काडतुसं हायडीकडे दे. काय कारण सांगायचं ते सांग, पण आजच दे. आणि हे वाचून झाल्यावर त्या बंदुकीपाशी एकटा बसू नकोस. हे स्पष्ट लिही असं आयली म्हणाली, म्हणून स्पष्ट लिहितोय. जंगल नाही, बंदूक नाही, तर मग तुला उरलं काय, हे तू विचारशील. मी शनिवारी येऊन बसेन तुझ्यापाशी, एवढंच मला करता येतं. माझ्यावर चीड, शिव्या घाल, वर्षभर तोंड का शिवलंस म्हणून विचार, माझी तयारी आहे. माझं काय व्हायचं ते झालं, दंडावर निभावलं, त्याचा मी विचारही करणार नव्हतो. पण या मोसमात दिवेलागणीला त्याच वाटेनं, दलदलीच्या कडेनं, तुला आणायला हायडी येणार आहे. तिला लांबून येताना पाहिलंयस ना? ती पोरगी हाक मारत नाही. दोन्ही हात डोक्यावर नेते, बोटं पसरून. आपल्याला बघून बघून शिकलीय.

तुझाच, गेल्या वर्षी हुकलेला,
आर्नी